मिरजेचं विरजण

माझ्या टेबलाच्या खणात जाड कागदाच्या कार्डांचा एक गठ्ठा आहे. मी बंगळूरला ज्या सरकारी संशोधन संस्थेत ग्रंथपाल होतो, तिथे कॅटलॉगची जुनी कार्डं रद्द झाली की त्यांची मागची बाजू कोरी असे. ती मी घरी आणायचो. प्रत्येक कार्डावर एक इंग्रजी शब्द लिहायचा, आणि तो वाचनात जिथे जिथे भेटेल तिथली नोंद खाली करत जायची, एवढाच माझा छंद. त्यातून पुस्तक वगैरे करायचा विचार कधी नव्हता. कोशात अर्थ सापडतो, पण माणसं तो शब्द कधी काढतात आणि कधी काढत नाहीत हे कोश सांगत नाही. मला त्याचीच उत्सुकता असे.

त्यातलं एक कार्ड ‘स्टोअर-बॉट’ या शब्दाचं आहे. आज मी लिहितो आहे ते त्या कार्डामुळे, आणि त्याहून जास्त माझ्या पत्नीमुळे. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. हे लिहायला मला एवढा वेळ का लागला, ते मला नीट सांगता येणार नाही.

नव्वद सालानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मी जुनी अमेरिकन पुस्तकं बरीच वाचत होतो. ऑफिसातून येताना शिवाजीनगरला बस बदलावी लागे, आणि स्टँडजवळ पदपथावर रद्दीतली पुस्तकं मिळत. त्यांत हा शब्द पुन्हा पुन्हा यायचा. अर्थ अगदी सरळ, दुकानातून विकत आणलेलं. इंग्रज लोक त्यालाच शॉप-बॉट म्हणतात. पण नोंदी वाढत गेल्या तसा मी कोड्यात पडलो. केक, पाव, मुरांबा, पडदे, सदरा यांच्यामागे तो शब्द लागलेला दिसे. मोटारीमागे कधी नाही, टाइपरायटरमागे नाही, छत्रीमागे नाही. ह्या वस्तू काय झाडाला लागतात? त्याही दुकानातूनच येतात. दुसरं कोडं असं की जुन्या पुस्तकांत शेतकऱ्याची मुलगी दुकानातून आणलेला झगा घालून चर्चमध्ये जाते तेव्हा या शब्दाने तिची मान ताठ होते. आणि अलीकडच्या पुस्तकांत एखादी बाई पाहुण्यांपुढे दुकानातला केक ठेवते तेव्हा याच शब्दाने तिची मान खाली जाते. एकाच शब्दाने मान वर आणि खाली कशी होते?

एका रविवारी सकाळी मी ते कार्ड घेऊन स्वयंपाकघरात गेलो. थंडीचे दिवस होते. बंगळूरला त्या दिवसांत पावट्याच्या शेंगांनी बाजार भरून जातो. बायको जमिनीवर बसून भिजवलेल्या दाण्यांची सालं काढत होती. चिमटीत दाणा दाबला की तो सटकन परातीत उडे. मी तिला कार्ड वाचून दाखवलं.

तिने वर पाहिलं नाही. “अहो, टाइपरायटर कोण घरी करतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? जे घरी होऊ शकतं त्यालाच विकतचं म्हणायचं. विकतचं लोणचं, विकतचे पापड. विकतचा पंखा म्हणा बघू.”

मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. वेड्यासारखं वाटलं.

“आणि दूध?” मी विचारलं.

“आपण म्हणतो का विकतचं दूध? नुसतं दूध म्हणतो. पण खाली अक्का म्हणतात. त्यांच्या अंगणात गाय होती ना, चार वर्षांपूर्वीपर्यंत.”

हे खरं होतं. अक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. त्यांचं घराणं मराठी, पण बंगळूरला येऊन त्यांना किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड होती. त्या खाली राहत, आम्ही वर. रोज सकाळी दुधाच्या बूथवरून पिशवी आणताना त्या फाटकापाशी मला, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘सार’ला, उद्देशून पुटपुटत, “विकतचं दूध, सार, त्यात काय दम असणार?” मी वर्षानुवर्षं ते ऐकत होतो आणि ते कधी कार्डावर उतरवावं असं मला सुचलं नव्हतं.

“बरं, आणि ही मान वर करायची भानगड?”

आता तिने हात थांबवले. “माझी आई सगळे फ्रॉक घरी शिवायची. बाबांच्या जुन्या धोतराची अस्तरं लावून. वर्गात एक मुलगी होती, तिला दिवाळीला विकतचा फ्रॉक आला. गळ्याला नायलॉनची झालर. ती सांगायची कशी, तर ‘हा विकतचा आहे हं, हात लावू नका’. मी घरी येऊन रडले. आईने विचारलं, काय झालं, तर म्हटलं पोटात दुखतंय.” मग पुन्हा दाणे सोलत म्हणाली, “आता कोणी हाताने शिवलेला फ्रॉक दिला तर मी जपून ठेवीन. लिहा तुमच्या कार्डावर. आणि लिहून झालं की हे टरफलांचं ताट बाहेर न्या.”

मी ते लिहिलं. माझ्या सगळ्या गठ्ठ्यात मराठी वाक्य असलेलं ते एकच कार्ड आहे. ‘जे घरी होऊ शकतं त्यालाच विकतचं म्हणायचं.’ संस्थेत मी रोज डॉक्टरेट मिळवलेल्या लोकांची इंग्रजी वाक्यं दुरुस्त करत असे. हे वाक्य मला दुरुस्त करावं लागलं नाही.

आमच्या घरात त्या काळी विकतचं असं फार थोडं होतं. मेतकूट, लोणची, सांडगे, कुरडया सगळं ती करी. पण या सगळ्यांत मला अभिमान होता तो दह्याचा. त्याची एक गोष्ट होती, आणि आमच्याकडे कोणी नवीन जेवायला आलं की ती मी सांगायचोच.

लग्नानंतर दोन वर्षांनी मला बंगळूरची नोकरी मिळाली. तिचं माहेर मिरजेचं. निघायच्या दिवशी तिच्या आईने स्टीलच्या फिरकीच्या डबीत घट्ट दही भरून दिलं. परमुलखात विरजण कुणाकडे मागत बसणार, म्हणून. मिरजेहून गाडीत बसल्यापासून ती डबी हिच्या मांडीवर. रात्रभर ती आडवी झाली नाही, कारण डबी कलंडेल. बंगळूरला उतरल्यावर सामान अजून दारात होतं तेव्हा हिने मला आधी दूध आणायला पिटाळलं. त्या डबीतल्या दह्याने इथलं पहिलं दही लागलं, त्याचं दुसरं, त्याचं तिसरं, असं करत करत आज ताटात आहे ते दही. मी पाहुण्यांना म्हणायचो, “हे बंगळूरचं दही नाही. हे मिरजेचं आहे.”

पाहुणे वाहवा करत. ती स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी असे, आणि ओठ दाबून हसे. नवऱ्याने चारचौघांत आपलं कौतुक केलं की बायका हसतात, तसं ते हसू आहे, असं मी धरून चाललो होतो.

मग तिचं दुखणं आलं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ते दीड वर्ष चाललं. एकेक गोष्ट घरी होईनाशी झाली. आधी उन्हाळी वाळवणं गेली, मग लोणचं, मग मेतकूट. मी दुकानातून पुडी आणली की ती विचारायची, “विकतचं मिळालं का?” आणि मी म्हणायचो, “मिळालं.” दोघांच्याही बोलण्यात तो शब्द तेव्हा रोज येऊ लागला होता. नंतर एक दिवस माझ्या लक्षात आलं की आपण नुसतं ‘लोणचं’ म्हणतो आहोत. तिने सांगितलेला नियम आमच्याच फडताळात चालू होता. घरी करणारं कोणी उरलं नाही की तो शब्द गळून पडतो. कुणी काढून टाकत नाही, तो आपोआपच जातो.

दही तेवढं राहिलं होतं. ते ती शेवटपर्यंत लावत होती. ओट्याशी उभं राहवेना तेव्हा स्टुलावर बसून, आणि स्टुलावर बसवेना तेव्हा पलंगावरून. मी दुधाचं पातेलं तिच्यापुढे धरायचो. ती करंगळी बुडवायची. कधी म्हणायची, “अजून थांबा.” कधी म्हणायची, “हं, घाला आता.” मी चमचाभर विरजण घालून ढवळायचो. थंडी असली तर पातेलं तांदळाच्या डब्यात ठेवायचो. मला वाटे, मी दही लावायला शिकलो. खरं म्हणजे मी फक्त पातेलं धरायला शिकलो होतो. दूध किती कोमट हवं ते तिच्या करंगळीला माहीत होतं, आणि ती करंगळी माझी नव्हती.

ती गेल्यावर तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. पुण्याहून माझी मोठी बहीण आली होती. ताईने सगळं सांभाळलं, घर धुऊन काढलं, फ्रिज आतून पुसला. चौदाव्या दिवशी तिने मला जेवायला वाढलं. दहीभात होता. पहिला घास घेतला आणि मी थांबलो.

“काय रे?” ताई म्हणाली.

“हे दही...”

“विकतचं आहे. पण चांगलं आहे की. पिशवीतलं.”

“ते वाटीत होतं ते?”

“फ्रिजमधलं? अरे, ते आंबून फसफसलं होतं. सुतकात कोण विरजण लावत बसलं होतं? तेव्हाच ओतलं, वाटी चिंचेने घासून लख्ख केली. का, काय झालं?”

काही नाही म्हणालो. ताईची काहीच चूक नव्हती. तिने पुढे दोन दिवसांनी पुण्याला जाताना मला चार भाज्या शिकवल्या, कुकरच्या शिट्ट्या कागदावर लिहून दिल्या. मी तिला स्टेशनवर सोडून परत आलो, फ्रिज उघडला, आणि ती लख्ख वाटी पाहिली. घरातल्या ज्या एका गोष्टीला अजून ‘घरचं’ म्हणता येत होतं, ती गेली होती. मला वाटलं, आता हिच्या हातचं असं काहीच राहिलं नाही. कपाटात साड्या होत्या, पण साड्या दुकानातल्या असतात.

आणि मग मला अक्का आठवल्या.

हिच्या आणि अक्कांच्या घरांत विरजणाची देवघेव कायम चाले. आमचं संपलं की त्यांच्याकडून, त्यांचं बिघडलं की आमच्याकडून. अक्का त्याला हेप्पु म्हणत. जिन्यातून हाक येई, “तंगी, स्वल्प हेप्पु आहे का?” म्हणजे, धाकटे बहिणी, थोडं विरजण आहे का? ही वाटी घेऊन खाली जाई आणि अर्ध्या तासाने वर येई. म्हणजे मिरजेचं दही अक्कांच्या घरात जिवंत असणार. मी जिना जवळजवळ धावत उतरलो. या वयात तसं उतरू नये.

अक्का देवापुढे दिवा लावून नुकत्याच उठल्या होत्या. त्याही एकट्याच राहत, यजमान जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. मी वाटी पुढे केली.

“आता?” त्या म्हणाल्या. “सार, दिवा लागल्यावर हेप्पु घराबाहेर देत नाहीत.”

“अक्का, थोडंसंच.”

“थोडं आणि जास्त काय असतं त्यात? लक्ष्मी जाते. तुमच्या बायकोने कधी संध्याकाळचं मागितलं नाही हो चौदा वर्षांत.” मग माझं तोंड पाहून त्यांचा आवाज उतरला. “सकाळी या. साय काढून ठेवते. सरी?”

मी “सरी”, म्हणजे बरं, म्हणून वाटी घेऊन वर आलो.

सकाळी त्यांनी वाटी भरून दिली. मी ती दोन्ही हातांनी आणली, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत. त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी दूध तापवलं. करंगळी बुडवली. मला ते कोमट वाटलं. विरजण घातलं, ढवळलं, पातेलं तांदळाच्या डब्यात ठेवलं. खात्री असावी म्हणून चमचाभर नाही, सगळीच वाटी घातली होती. सकाळी झाकण काढलं तर वर पिवळसर पाणी आणि खाली चोथ्यासारख्या गुठळ्या. दूध फार गरम होतं. मी ते तसंच उभ्याने चमच्याने खाल्लं, सगळं. टाकवेना.

रिकामी वाटी घासून मी पुन्हा खाली गेलो. अक्का व्हरांड्यात पिशवी भरत होत्या. देवनहळ्ळीला भावाच्या मळ्यावर निघाल्या होत्या, आठ दिवसांसाठी. द्राक्षं उतरायची होती.

“बिघडलं ना?” माझ्याकडे पाहूनच त्या म्हणाल्या.

“बिघडलं. अक्का, तुमच्याकडे आहे ना अजून?”

“आहे वाटीभर. देते.”

“मला नको.” मी म्हणालो. “माझ्या हातून पुन्हा बिघडेल. तुमच्याकडेच राहू द्या. पण तुम्ही आठ दिवस गेलात तर त्याचं काय होणार?”

“कशाचं?”

“विरजणाचं. ते शेवटचं आहे, अक्का. मिरजेचं. तुम्हाला... तुम्हाला पुढच्या आठवड्यात नाही का जाता येणार?”

एका वयस्कर बाईला तिच्या भावाकडे जाऊ नका असं मी वाटीभर दह्यासाठी सांगत होतो. हे मला तेव्हाही कळत होतं. अक्कांनी पिशवी खाली ठेवली आणि त्या पायरीवर बसल्या. मलाही बसायची खूण केली.

“सार, रागावू नका. ते मिरजेचं नाही.”

मला अर्थ लागला नाही.

“तुमचे वडील पुण्याला अंथरुणावर होते बघा, तुम्ही दोघं महिनाभर गेला होता. तेव्हा तंगीने हेप्पु माझ्याकडे ठेवलं होतं. अक्का, रोज लावा हं, म्हणाली. लावलं मी, पंधरा-वीस दिवस. मग बहिणीचं काही निघालं, इथेच शिवाजीनगरला तिच्याकडे गेले. दोन दिवस म्हणून गेले, पाच दिवस राहिले. आले तर भांड्यात हिरवी बुरशी, अशी केसाळ. मला रडू आलं. किती विश्वासाने दिलेलं. मग काय करणार? बूथवरून दह्याची पिशवी आणली, त्याने लावलं, आणि तुम्ही आल्यावर तेच दिलं.”

“तिला सांगितलं नाही तुम्ही?”

“सांगायला लागतं होय? दुसऱ्याच दिवशी सकाळी खाली आली. म्हणाली, अक्का, हे बूथचं ना? मी तिचा हात धरला. म्हटलं, चूक झाली तंगी, आता काय करू, तुझ्या आईने दिलेलं. तर हसली हो ती. म्हणाली, सोडा अक्का. आज एक दिवस विकतचं. उद्या मी लावीन, परवा तुम्ही लावाल. मग कोण म्हणणार आहे विकतचं?”

अक्कांनी पदराने डोळे पुसले, आणि पुसता पुसताच हसू लागल्या.

“आणि म्हणाली, पण ह्यांना बोलू नका. ह्यांची मिरजेची गोष्ट बंद पडेल, मग पाहुण्यांशी काय बोलतील बिचारे?”

मी मनाशी हिशेब लावला. माझे वडील ज्या वर्षी आजारी होते, त्यानंतर ती आठ वर्षं जगली. आठ वर्षांत आमच्याकडे किती माणसं जेवून गेली असतील. प्रत्येकाला मी फिरकीची डबी सांगितली, मांडीवरची, रात्रभर न झोपलेली. आणि ती दारात उभी राहून ओठ दाबत होती.

पहिले दोन दिवस मला राग आला, तो कुणावर तेही कळेना. दह्याचं काय, पण एवढी साधी गोष्ट सांगितली नाही म्हणून. मी पिशवीतलं दही आणून खाल्लं. तिसऱ्या दिवशी जेवताना मला ते दार दिसलं. त्या दारात ती कशी उभी असायची, डावा खांदा चौकटीला टेकवून, ते दिसलं. मी गोष्टीतलं ‘कलंडेल’ म्हणायचो तेव्हा तिचा हात पदराखाली थांबायचा, तेही आठवलं. मला तिला म्हणायचं होतं, “म्हणजे तुला माहीत होतं!” एवढंच वाक्य. तिने कशी मान उडवली असती, तेही मला ठाऊक होतं. “मग? नाक मुरडून खाल्लंत का तुम्ही कधी?” अशी ती म्हणाली असती. हे वाक्य म्हणायला मी तिला शोधत घरभर फिरलो असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी खुर्चीतच बसून होतो. पण ते वाक्य माझ्याजवळ अजून आहे. ते कुणाला देण्याजोगं नाही.

त्या संध्याकाळी बूथवर गेलो. अर्धा लिटर दूध आणि दह्याची लहान पिशवी घेतली. अक्कांनी जाताना मला सांगून ठेवलं होतं, करंगळी बुडवून दहापर्यंत मोजायचं, आणि दहा म्हणेस्तोवर बोट काढावंसं वाटलं नाही तर घालायचं. मी मोजलं. चारला बोट काढावंसं वाटलं. थांबलो. पुन्हा मोजलं. सहाला. तिसऱ्या वेळी दहापर्यंत गेलो आणि बोट काढायचं विसरलोच. चमचाभर दही घातलं. चमचाभरच.

सकाळी ते पातळ लागलं होतं, पण लागलं होतं. त्यातलं चमचाभर मी बाजूला काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याने लावलं. चौथ्या-पाचव्या वेळी वाटी तिरकी केली तरी दही जागचं हललं नाही. ठरल्याप्रमाणे आठ दिवसांनी अक्का देवनहळ्ळीहून द्राक्षांची करंडी घेऊन परत आल्या. त्यांच्या घरातलं दही अर्थातच गेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन जिन्यात यायच्या आत, खालून हाक आली. आधी नुसतं “सार” एवढंच. मग जरा थांबून, “स्वल्प हेप्पु आहे का?”

मी वाटी घेऊन खाली गेलो.

अक्कांनी करंगळीने चाखून पाहिलं. “आंबट आहे,” म्हणाल्या. “तंगीचं गोड असायचं.”

“हो,” मी म्हणालो. “तिचं गोड असायचं.”

मी ते कार्ड काढून पाहिलं होतं. त्यावर आणखी काही लिहावं असं वाटत होतं. हे विकतचं दही घरचं कितव्या दिवशी झालं, अशी काहीतरी नोंद. पण कुठल्या दिवशी झालं ते मला सांगता आलं नसतं. मी कार्ड परत खणात ठेवलं.

त्यानंतर साधारण वर्षाने शेजारच्या घरात एक जोडपं राहायला आलं. दोघंही पुण्याची, नवीनच लग्न झालेली, दोघंही व्हाइटफील्डच्या बाजूला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यांच्या बोलण्यात निम्मे शब्द इंग्रजी होते, आणि अक्कांच्या बोलण्यात निम्मे कन्नड. दोन्ही बाजूंच्या मधोमध उभा राहून मी दुभाष्याचं काम करी. एका रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. ताईच्या कागदावरच्या चारपैकी दोन भाज्या केल्या, वरण, भात. अक्काही आल्या होत्या.

त्या मुलीने भातावर दही घेतलं. एक घास खाऊन तिने पुन्हा वाटीत पाहिलं.

“काका, हे कुठलं आणता? आम्ही आणतो ते असं नसतं.”

“आणत नाही. घरचं आहे.”

“तुम्ही लावता?” ती नवऱ्याला म्हणाली, “बघ. काका लावतात, आणि तुला साधा चहा येत नाही.”

“मला मॅगी येते,” नवरा म्हणाला.

“काका, पण विरजण कुठून आणलंत? मी दोनदा लावलं, नुसतं पाणी होतं.”

अक्का समोर बसल्या होत्या. त्यांनी ताटातून मान वर केली नाही. भात कालवणारा त्यांचा हात तेवढा थांबला.

“विरजण ना,” मी म्हणालो. “त्याची एक गोष्ट आहे. माझ्या बायकोचं माहेर मिरजेचं. आम्ही बंगळूरला यायला निघालो तेव्हा तिच्या आईने फिरकीची एक स्टीलची डबी दिली...”

मी सगळी गोष्ट सांगितली. गाडी, मांडी, डबी कलंडेल म्हणून रात्रभर न टेकलेली पाठ, दारातच राहिलेलं सामान. मुलगी ‘वॉव’ म्हणाली. नवरा खायचा थांबून ऐकत होता. सांगता सांगता दोनदा माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. चौकट रिकामी होती. ती टेकायची त्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, रंग जरा घासला गेला होता. तो मी नंतरही पुन्हा लावून घेतला नाही.